डोकं तुझं, तूच सांग

इंग्लंड
९ जानेवारी २०२५

दादा,

आधी बस. वर्कशॉपच्या दारात उभं राहून अर्धं पत्र वाचायचं आणि त्यावरून पूर्ण निष्कर्ष काढायचा, ही तुझी सवय मला ठाऊक आहे. बसलास? तर ऐक. मी मालकीण झाले!

घराची नाही रे, कंपनीचीही नाही. माझी स्वतःची. तीन वर्षांपूर्वी मणक्याच्या दुखण्यानं पाय गेले, हातांतला जोर गेला, तेव्हापासून इथली कौन्सिल माझ्याकडे एजन्सीच्या बायका पाठवते. उठवायला, आंघोळीला, कपड्यांना, झोपवायला. बायका वाईट नाहीत. पण आज एक, उद्या दुसरी, आणि घाई सगळ्यांनाच. संध्याकाळी सात वाजता मला अंथरुणात घालतात, कारण त्यांना पुढची घरं उरकायची असतात. सात! उन्हाळ्यात बाहेर लख्ख उजेड असतो, शेजारची पोरं सायकली पिटाळत असतात, आणि मी चव्वेचाळीस वर्षांची घोडी पडदा ओढून छताकडे बघत पडते. परवा एकीनं सांगितलं, केस कापून टाका, विंचरण्यात वेळ जातो. माझे केस, दादा! आईनं तेल लावून लावून वाढवलेले!

तर बातमी अशी. शेरॉन नावाची माझी सोशल वर्कर आहे, गोड बाई. ती म्हणाली, एजन्सीला जाणारे पैसे तुझ्या नावच्या वेगळ्या खात्यात टाकतो. माणूस तू शोध, तूच नेम. किती वाजता यायचं, काय करायचं, कसं करायचं, सगळं तू सांगायचं. नाही पटलं तर नारळही तूच द्यायचा. काही महिने चाचणी आहे. मग कौन्सिलचं पॅनेल बसेल, आणि ठीक चाललेलं दिसलं तर कायम. नाही तर पुन्हा एजन्सी आणि पुन्हा सात वाजता दिवा बंद.

आपल्या इथल्या मराठी मंडळाची तालीम गुरुवारी साडेसातला असते. तीन वर्षांत एकदाही गेले नाही. आता जाईन! एकांकिका बसवीन, पोरांना ओरडीन, उशिरा घरी येईन आणि मला वाटेल तेव्हा झोपेन. मला इतका आनंद झालाय की काल शेरॉन गेल्यावर मी एकटीच मोठ्यानं हसत होते.

फोन करू नकोस. तुझं ते कॉलिंगचं ॲप मधेच तुटतं आणि आपण नुसतं ‘हॅलो, हॅलो’ करत भांडतो. लिही. मीही फोनला बोलून लिहिते, हातांना काही त्रास नाही.

तुझी,
वैभू


शाबिया, अबू धाबी
१४ जानेवारी २०२५

वैभूबाई मालकीण, सलाम!

बसून वाचलं. दोनदा वाचलं. अगं, मालकीण कसली, तू तर कफील झालीस! आम्ही इथे एकवीस वर्षं कफीलाच्या, म्हणजे नोकरी देणाऱ्याच्या, सहीवर जगतोय, व्हिसा त्याचा, मर्जी त्याची, आणि तू तिथे खुर्चीत बसून कफील! मुसफ्फ्यात वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं. आमचा फोरमन हनीफ म्हणाला, “साब, बहनजी को बोलो, हमारा भी व्हिसा निकाले.”

आता माझा सल्ला ऐक, माणसं नेमण्यात माझी हयात गेलीय. कागद बघू नकोस. आमच्याकडे वेल्डर येतो तो सर्टिफिकेटांची थप्पी घेऊन येतो. मी ती बाजूला ठेवतो, हातात प्लेट देतो आणि म्हणतो, “यल्ला, वेल्ड मार.” मग ती प्लेट हातोड्यानं तोडून बघतो. ह्याला म्हणतात ट्रेड टेस्ट. तूही घे. तोंडाळ माणूस मुलाखतीत पास होतो, ट्रेड टेस्टमध्ये उघडा पडतो.

पण खरं सांगू का? हे सगळं तुला करायला लागूच नये असं मला वाटतं. सख्खा भाऊ धडधाकट असताना तू परक्या देशात सरकारच्या पैशावर बाई शोधत बसायचं? आपल्या आप्पांनी रेशनची साखरसुद्धा कधी घेतली नाही, म्हणायचे ज्याला गरज आहे त्याला मिळू दे. म्हणून मी एक गंमत करतोय. आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे, दाराला तीन पायऱ्या आहेत. तिथे रॅम्प करतोय! स्वतः डिझाइन केलाय, चेकर्ड प्लेटचा, दोन्ही बाजूंना रेलिंग. आमच्या यार्डातलंच उरलेलं मटेरियल वापरतोय, साहेबांची परवानगी काढली. अस्मिताची खोली तुला, पोरगी झोपेल हॉलमध्ये. तू माझ्या व्हिसावर ये आणि राणीसारखी राहा.

त्या शेरॉनबाईंनाही मी एक ईमेल टाकलाय, म्हटलं त्यांच्या डोक्याला ताप नको.

तुझा,
दादा


इंग्लंड
२३ जानेवारी २०२५

दादा, दादा, दादा!

तुझ्या ट्रेड टेस्टला माझा साष्टांग नमस्कार! घेतली! काय मजा आली म्हणून सांगू!

तीन बायका आल्या. मी प्रत्येकीच्या हातात कंगवा दिला. एवढंच. म्हटलं, “माझे केस.” पहिलीनं येताना फाइल आणली होती, तीन कोर्स केलेले. तिनं कंगवा घेतला आणि तीन मिनिटांत माझी घोड्याची शेपटी बांधून टाकली, वर फोनवर नवऱ्याशी बोलणं चालूच. दुसरी फार नम्र. तिनं खोलीभर नजर फिरवली आणि मला विचारलं, “हिला कसे आवडतात, हे कुणाला विचारू?” हिला म्हणजे मला! मी समोर बसलेली!

तिसरी हव्वाबी. मूळची श्रीवर्धनकडची, इथे तीस वर्षं झाली, नवरा वारला, मुलगे आपापल्या घरी. दहा मिनिटं उशिरा आली आणि बसचा इतिहास सांगत आत शिरली. कंगवा घेतला, माझ्या मागे नाही, समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बोल गो बाय, वेणी की अंबाडा? भांग मधे की बाजूला? डोकं तुझं, तूच सांग.”

मला रडू आलं रे. तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “वेणी. सैल. आणि भांग मधे.” तिनं घातली. वाकडी झाली. मी म्हटलं, “वाकडी झाली.” तर म्हणते, “मग सोडू नि परत घालू, आपल्याला काय विमान पकडायचंय?”

नेमली! या सोमवारपासून येतेय. गुणाची पुतळी वगैरे नाही हं. उशीर रोजचा, बोलणं अखंड, आणि माझ्या टोमॅटो सूपमध्येसुद्धा नारळ घातलाय. पण आजचा गुरुवार, दादा! ती मला आठ वाजता तालमीला घेऊन गेली. हो, अर्धा तास उशिरा. दारात व्हीलचेअर दिसल्यावर सगळे उठले. मला म्हणाले, दिग्दर्शन कर. मी साडेदहापर्यंत ओरडत होते, घसा बसलाय, म्हणून हे फोनला कुजबुजत सांगतेय, तोही बिचारा काहीच्या बाही लिहितोय.

तुझा रॅम्पचा बेत वाचून हसू आलं आणि काळजीही वाटली. त्या ईमेलचं तू गमतीत लिहिलंस ना? पाठवलेला नाहीस ना खरंच?

वैभू


शाबिया, अबू धाबी
२९ जानेवारी २०२५

वैभू,

रॅम्प तयार! फोटो बघ! हनीफ म्हणाला, “साब, ये रॅम्प है या फ्लायओव्हर?” चढ कमी ठेवायचा म्हणून लांबी वाढवली, तो शेजाऱ्याच्या गाडीपर्यंत गेला. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, धावत आला, मी त्याला म्हटलं, “मेरी बहन आ रही है, खलास.” तोही बिचारा मान हलवत परत गेला. पायऱ्यांच्या लोखंडी कडेला वेल्ड मारलाय, पक्का, हत्ती चढला तरी हलणार नाही. रंग हिरवा दिलाय, तुझा लाडका.

बाथरूममध्ये दांडे लावले. गादी आली. अस्मिता तेवढी विचित्र बोलते. मी रेलिंग घासत होतो तर म्हणाली, “बाबा, डिड यू इव्हन आस्क हर?” मी म्हटलं, सरप्राइज कुणी विचारून देतं का?

ईमेल पाठवला. त्यात वाईट काय आहे? सभ्य इंग्रजीत लिहिलंय की आम्ही तिचं कुटुंब आहोत, खोली तयार आहे, यापुढे आम्हीच सांभाळू, सरकारवर भार नको. त्यांनी उलट आभार मानले.

हव्वाबी चांगली वाटतेय. पण परकी ती परकीच.

दादा


इंग्लंड
११ फेब्रुवारी २०२५

चारुदत्त,

आज दादा म्हणवत नाही.

काल शेरॉन आली. तोंड उतरलेलं. म्हणाली, “वैभवी, तुझ्या भावाचं पत्र मला फाइलला लावावंच लागलं.” पॅनेलनं ते वाचलं आणि सरळ प्रश्न केला: कुटुंब सांभाळायला तयार असेल तर आपण पैसे का द्यायचे? एप्रिलचा निर्णय अलीकडे ओढलाय. सत्तावीस फेब्रुवारीला बसणार आहेत. तुझ्या त्या सभ्य इंग्रजीमुळे माझी हव्वाबी जाणार, तालीम जाणार, आणि मी परत सात वाजता छताकडे बघणार. कळतंय का तुला, काय केलंस ते?

आणि सरकारवर भार? मी पडायच्या आधी सोळा वर्षं इथे नोकरी केली, टॅक्स भरला. मी भीक घेत नाहीये.

तुझ्या प्रेमावर माझा रागच नाही, तिथेच तर गोची आहे. तू रॅम्प माझ्यासाठी बांधलास, रंग मला आवडतो म्हणून दिलास, पण मला तिथे यायचंय का, हे विचारलं नाहीस. तुझ्या व्हिसावर, तुझ्या घरात, अस्मिताला खोलीतून हाकलून! आणि मला उठवणार कोण, आंघोळ घालणार कोण? तू सकाळी सहाला मुसफ्फ्याला जातोस. म्हणजे वहिनी. वहिनीला विचारलंस?

तू मला ट्रेड टेस्ट शिकवलीस. आता माझी तुला. येत्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळपासून खुर्चीत बसायचं. उठायचं नाही, हात वापरायचे नाहीत. सगळं वहिनी करेल, तिच्या सवडीनं, तिला योग्य वाटेल तसं. एजन्सीसारखं. संध्याकाळी सात वाजता अंथरुणात. मग शेरॉनला काय लिहायचं ते लिही. मी अडवणार नाही.

वैभवी


शाबिया, अबू धाबी
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय वैभू,

तुझ्या दादानं मला लिहू दिलेलं नाही, म्हणून लिहितेय. काल परीक्षा झाली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण इतका छान रविवार मी पहिल्यांदाच घालवला!

हे आधी तोऱ्यात होते. “त्यात काय, आराम तर करायचाय,” म्हणत ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीत बसले. साडेसहाला चहा मागितला. मी म्हटलं, “तुमचा नंबर आठला.” आठला दिला, बिनसाखरेचा, पेला तोंडाला लावून. कुरकुरले. मी म्हटलं, “तुमच्या तब्येतीला हाच बरा.” कपडे मी निवडले, तो नारिंगी टी-शर्ट, अस्मितानं आणलेला, जो ते घरातसुद्धा घालत नाहीत. मग केस विंचरले. तुला माहीतच आहे, भांगाच्या बाबतीत किती नाजूक! शाळेपासून डावीकडे. मी उजवीकडे पाडला. आरशात बघून असे काही लालबुंद झाले म्हणून सांगू! “छाया, डावीकडे!” मी म्हटलं, “अहो, मला पुढचं काम आहे,” आणि खुर्ची न विचारता गर्रकन फिरवून खिडकीकडे तोंड करून ठेवली. तिथे एक तास त्यांचा तो हिरवा फ्लायओव्हर बघत बसले.

दुपारी चहासुद्धा मागितला नाही. मलाच वाईट वाटायला लागलं, पण म्हटलं, नाही, पूर्ण करायचं.

साडेसातला निनाद आणि त्याची बायको जेवायला येणार होते, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. निनाद म्हणजे यांचा जिवाभावाचा मित्र, इथल्या मराठी मंडळातला. सात वाजता मी यांना पलंगावर घातलं, पडदा ओढला, दिवा मालवला. पाहुणे आले. मी बाहेर सांगितलं, “ते झोपले.” निनाद हॉलमध्ये म्हणाला, “बरा आहे ना तो? जेवला का? आजकाल चिडचिड करतो का फार?” दार उघडंच होतं. यांचंच घर, यांचाच मित्र, यांच्याबद्दलच बोलणं, आणि हे आत अंधारात. वीस मिनिटं आम्ही हसलो-खिदळलो, मिसळीचा वास घरभर. मग मी आत गेले. डोळे उघडे, वर बघत होते. मला म्हणाले, “छाया, वैभू रोज असंच?”

मी म्हटलं, “तीन वर्षं.”

उठून बसले आणि रडले गं. मोठ्यानं. निनाद धावत आत आला, त्याला वाटलं काय झालं देव जाणे. तोंड धुऊन बाहेर आले, भांग तसाच उजवीकडे, आणि न जेवता लॅपटॉप उघडून बसले.

तू लिहिलंस ना, वहिनीला विचारलंस का म्हणून? मला कुणी विचारलं नव्हतं, वैभू. तू आली असतीस तर मी केलं असतं, मनापासून केलं असतं. पण माझीही कंबर आता पन्नाशीची आहे, आणि हे मी कुणाला सांगितलं नसतं. तू विचारलंस, बरं वाटलं.

तुझी,
वहिनी


शाबिया, अबू धाबी
१८ फेब्रुवारी २०२५

वैभू,

मी नापास. सकाळी साडेनऊला भांग उजवीकडे गेला तेव्हाच नापास झालो होतो, बाकी दिवस नुसता दंड भरला.

शेरॉनबाईंना रात्रीच लिहिलं. काय लिहिलं ते मराठीत सांगतो. म्हटलं, माझं आधीचं पत्र मी मागे घेतोय. ते मी माझ्या बहिणीला न विचारता लिहिलं होतं, आणि बायकोलाही न विचारता. मला बहिणीवर प्रेम करता येतं, पण तिला उठवणं, न्हाऊ घालणं आणि तिच्या वेळेनं झोपू देणं आमच्या घरात होणार नाही. तिचं घर तुमच्या गावात आहे, काम तिथे आहे, नाटक तिथे आहे. आमची खोली पाहुणी म्हणून तिच्यासाठी कायम आहे, पण ती सोय नाही, ते आमंत्रण आहे. पॅनेलला काही विचारायचं असेल तर मला बोलवा, मी कॅमेऱ्यासमोर येईन. उजव्या भांगानं येईन.

शेवटचं वाक्य अस्मितानं काढायला लावलं. “बाबा, दे वोन्ट गेट इट.”

चुकलो. माफ कर. हव्वाबीला माझा सलाम सांग, आणि तिच्याबद्दल परकी म्हटलं ते खोड.

सत्तावीस तारखेपर्यंत मला झोप नाही. इन्शाल्ला सगळं ठीक होईल.

तुझा,
दादा (म्हणशील ना?)


इंग्लंड
१ मार्च २०२५

दादा, दादा, अरे दादा!

झालं! मंजूर! पूर्ण एक वर्ष, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नुसती साधी तपासणी! शेरॉननं काल फोन केला तेव्हा हव्वाबी माझी वेणी घालत होती. मी एवढ्यांदा ओरडले की तिच्या हातातला कंगवा उडाला. मग ती ओरडली. मग शेजारची म्हातारी धावत आली, तिला वाटलं मी पडले. तिलाही चहा पाजला, नारळाची बर्फी दिली.

शेरॉन म्हणाली, पॅनेलनं तुझं दुसरं पत्र मोठ्यानं वाचलं. ‘ती सोय नाही, ते आमंत्रण आहे’ हे वाक्य तर परत वाचायला लावलं म्हणे. भांगाचं असतं तरी चाललं असतं रे!

आता मुख्य बातमी. आमंत्रण दिलंयस ना? मग मी येतेय! शेरॉनला विचारून घेतलं, दोन आठवडे बाहेर राहायला कौन्सिलची हरकत नाही, हव्वाबीचा पगारही चालू राहणार. पाडवा तीस मार्चला आहे, आणि चंद्र दिसला तर ईदही त्याच सुमारास. हव्वाबीनं बॅगही काढलीय. म्हणते, तुझ्या भावाकडे गुढी उभारू आणि शीरखुर्मा मी करीन, वहिनीबायला सांग, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

आमच्या ब्रिटिश पासपोर्टावर तिकडे उतरल्यावरच शिक्का मिळतो. तुझ्या व्हिसाची गरज नाही, कफीलसाहेब! आणि परतीचं तिकीट आधीच काढलंय. गुरुवारची तालीम आहे, पोरं माझ्यावाचून संवाद विसरतात.

एकच विचारायचं. अस्मिताला खोली सोडायला लावू नकोस, आम्ही दोघी हॉलमध्ये मजेत राहू. आणि तो फ्लायओव्हर अजून आहे का, की शेजाऱ्यानं तोडला?

वैभू


शाबिया, अबू धाबी
६ मार्च २०२५

माझी वैभू,

तुझं पत्र वर्कशॉपच्या दारात उभं राहूनच वाचलं, पण पूर्ण वाचलं. हनीफला रोज्यातच मिठी मारली, माझे डोळे पुसायला दोघांकडेही रुमाल नाही. त्यानं मशीनचं कापड दिलं, तोंडाला ग्रीस लागलं. तसाच घरी गेलो.

वहिनी यादी करतेय. अस्मितानं खोली सोडू नये असं तू लिहिलंस, ते ऐकून ती स्वतःच म्हणाली, “शी कॅन हॅव माय रूम, बट शी हॅज टू आस्क मी.” तेव्हा तिलाही विचारून घे.

रॅम्प तोडला. दचकू नकोस. शेजाऱ्यानं नाही, मीच. काल ग्राइंडर आणून पायरीचं वेल्ड कापलं. नातूर बघतच राहिला, म्हणाला, “बहन नहीं आ रही?” मी म्हटलं, “आ रही है. और वापस भी जा रही है.”

मग वर्कशॉपमध्ये नेला, मधून कापला आणि मोठाल्या बिजागऱ्या लावल्या. आता त्याची घडी होते. ओढायला मूठ बसवलीय, हव्वाबीला एकटीला जमेल एवढा हलका केलाय. गरज नसेल तेव्हा भिंतीला टेकून उभा राहतो, शेजाऱ्याची गाडीही सुटली. रंग मात्र कापलेल्या ठिकाणी उडालाय. हिरवाच देऊ की दुसरा, कळव. मी हात लावलेला नाही.

उघडायचा कधी, मिटायचा कधी, तेही तूच सांग.

तुझा,
दादा